बाईंच्या पायावरच्या नद्या



आज एक गंमत सांगते. म्हणजे सुरुवातीला ती गंमतच होती. पुढे तिचं काय झालं ते वाचालच.

याच पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या चौथीच्या वर्गात महाराष्ट्रातल्या नद्या शिकवायच्या होत्या. भिंतीवरचा खिळा उंच आणि तुमच्या या बाईंची उंची बेताची! म्हणून मी खुर्चीवर चढून नकाशा अडकवत होते. साडी घोट्याच्या जरा वर सरकली होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला,

"बाई, तुमच्या पायावर पण नद्या आहेत!"

सगळा वर्ग खो-खो हसला. दुसरा एक जण म्हणाला, "ती मोठी गोदावरी. आणि तिला ती बारकी मिळाली बघ, ती मांजरा!"

आता रागवावं की हसावं? मी खाली पाहिलं. पोटरीपासून घोट्यापर्यंत निळ्या-जांभळ्या, फुगलेल्या, नागमोडी शिरा. पोरांचं काहीच चुकलं नव्हतं. गेली पाच वर्षं मी त्या साडीखाली झाकत होते. संध्याकाळी पाय ठणकायचे, घोटे सुजायचे. "दिवसभर उभं राहून होतं असं," म्हणून मी पाय उशीवर टाकायची आणि विसरून जायची.

मी खुर्चीवरून उतरले आणि म्हटलं, "शाब्बास, नजर चांगली आहे! पण मला सांगा, नदी उंचावरून खाली वाहते. माझ्या पायातल्या या नद्या कुठून कुठे वाहतात?"

वर्ग गप्प! तुम्ही सांगा पाहू?

उलट्या वाहणाऱ्या नद्या

पायातल्या शिरा खालून वर वाहतात. कशा, ते बघू.

आपलं हृदय म्हणजे एक पंप. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. हृदय ते ज्या नळ्यांतून अंगभर ढकलतं, त्या धमन्या. जुन्या पुस्तकांत त्यांना रोहिणी म्हणत. काम करून झालेलं रक्त ज्या नळ्यांतून हृदयाकडे परत येतं, त्या शिरा, म्हणजेच नीला. आणि दोघींच्या मध्ये केसाहूनही बारीक केशवाहिन्यांचं जाळं. त्या इतक्या अरुंद असतात, की रक्तातल्या तांबड्या पेशींना त्यातून एकामागे एक, रांगेने जावं लागतं. तुम्ही प्रार्थनेनंतर वर्गात जाता ना, तशा!

शेतावर पाट पाहिलाय ना? मोठा कालवा, त्यातून निघालेली चारी, चारीतून पाट, पाटातून वाफा. पाणी फुटत फुटत लहान होत जातं. धमन्या अशा असतात. शिरांचं उलट. ओढे मिळून नदी, नद्या मिळून मोठी नदी. म्हणून आमच्या वर्गातल्या पोराने नदी म्हटलं ते अगदी बरोबर!

पण एक अडचण आहे. हृदय छातीत आणि पाय जमिनीवर. रक्ताने घोट्यापासून छातीपर्यंत चढायचं कसं? त्यासाठी दोन युक्त्या आहेत. एक म्हणजे आपली पोटरी. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि आतल्या शिरा पिळल्या जातात. ओलं फडकं पिळावं तसं रक्त वर ढकललं जातं. म्हणून तर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. दुसरी युक्ती म्हणजे शिरांच्या आतल्या इवल्या इवल्या झडपा. त्या फक्त वरच्या बाजूला उघडतात. वर गेलेलं रक्त खाली येऊ लागलं की झडपा मिटतात. दरवाजा बंद!

माझ्या पायातल्या काही झडपा नीट मिटेनाशा झाल्या होत्या. रक्त वर जायचं आणि पुन्हा खाली घसरायचं. साचून साचून शिरा फुगल्या. डॉक्टर याला 'व्हेरिकोज व्हेन्स' म्हणतात. तासन्‌तास एका जागी उभं राहणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. शिक्षक, पोलीस, दुकानदार, न्हावी... आणि काही घराण्यांत तो आईकडून, वडिलांकडूनही येतो.

(बरं का, शिरा निळ्या दिसतात म्हणून त्यातलं रक्त निळं नसतं हं! ते गडद लालच असतं. कातडीतून दिसताना निळसर भासतं, एवढंच.)

आजीच्या हातावरचा प्रयोग

या झडपा तुम्हाला पाहता येतील. विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने 1628 साली एक पुस्तक छापलं. रक्त अंगात गोल गोल फिरतं, हे त्याने त्यात पटवून दिलं. त्याआधी लोक समजत, की रक्त यकृतात तयार होतं आणि अंगात मुरून जातं. हार्वी इटलीत पादुआला शिकला. तिथले त्याचे गुरू फाब्रिशियस यांनी शिरांमधल्या या झडपांचा बारकाईने अभ्यास केला होता. पण त्या कशासाठी आहेत, हे शिष्याने ओळखलं! आणि त्यासाठी त्याने वापरलं काय? नुसता हात आणि दोन बोटं.

तुम्हीही करा. आजी-आजोबांचा हात घ्या, कारण त्यांच्या हातावरच्या शिरा ठळक असतात. हात मिनिटभर खाली सोडून ठेवायला सांगा. मग मनगटामागची एखादी फुगलेली शीर निवडा. एक बोट तिच्यावर दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथूनच कोपराच्या दिशेने शीर पुसत न्या आणि ते बोट उचला. शीर रिकामी, चपटी दिसेल. वरचं रक्त खाली यायला हवं होतं ना? ते झडपेपर्यंत येतं आणि थांबतं. आता पहिलं बोट उचला. शीर खालून टचकन भरेल! एका शिरेवर नीट दिसलं नाही तर दुसरी शोधा.

एक ताकीद: हार्वीने दंडाला पट्टी बांधली होती, आपण पट्टी-दोरी काही बांधायची नाही. नुसती बोटं पुरेत.

आमच्या वर्गाने हा प्रयोग माझ्याच हातावर केला. आणि त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. पोरांना झडपा शिकवते आणि स्वतःच्या झडपांकडे पाच वर्षं काणाडोळा! पुढच्या शनिवारी मी तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांचा प्रश्न

डॉक्टरांनी शिरांकडे पाहिलंच नाही. आधी माझ्या पावलावर वरच्या बाजूला दोन बोटं टेकवली, मग घोट्याच्या आतल्या बाजूला मागे टेकवली आणि डोळे मिटून काही तरी मोजू लागले.

मी विचारलं, "डॉक्टर, नाडी तर मनगटाला बघतात ना?"

ते हसले. "पायालाही नाडी असते, बाई. पायाच्या कुठल्याही आजारात मी आधी बघतो, खाली रक्त पोचतंय का. ते पोचत असेल तरच तुम्हाला घट्ट मोजे द्यायचे. नाही तर मोजे घातकच." मग त्यांनी विचारलं, "चालताना पोटरीत गोळा येतो का? थोडं थांबलं की बरं वाटतं आणि पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा थांबावं लागतं, असं होतं का?"

मी "नाही" म्हटलं. आणि त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढे एक माणूस आला.

आमच्या शाळेच्या रस्त्यावर वडाचा पार आहे. रोज सकाळी एक वडील आपल्या मुलाला शाळेत सोडायला येत. येता येता दूध डेअरीच्या पायरीवर बसत. मग पारावर बसत. मग शाळेच्या फाटकाजवळच्या दगडावर. मुलगा दप्तर घेऊन शेजारी उभा. बसलं की बिडी पेटायची. मी रोज बघायची आणि मनात म्हणायची, 'काय हा आळस! पोराला सोडायला येतात की बिड्या ओढायला?'

आणि तो मुलगा कोण, माहिती आहे? "बाई, तुमच्या पायावर नद्या आहेत," असं म्हणणारा!

पाट तुंबला तर

डॉक्टरांनी माझी सोनोग्राफीसारखी तपासणी केली. तिला डॉप्लर म्हणतात. मोजे दिले, रोज चालायला सांगितलं आणि बिघडलेली शीर आतून बंद करण्याचा उपायही सांगितला. पण माझं लक्ष लागेना. मी त्या वडिलांबद्दल विचारलं. डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, "त्यांना लवकर घेऊन या."

असं का? ऐका. वाफ्याला पाणी देणाऱ्या पाटात गाळ साचला तर काय होतं? पाणी कमी येतं. पीक लहान असतं तोवर भागतं, पण उन्हाळ्यात जास्त पाणी लागलं की पीक माना टाकतं. पायाचंही तसंच. वर्षानुवर्षं तंबाखूचा धूर रक्तात गेला, मधुमेह झाला, रक्तदाब वाढला, की धमनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचा आणि चुन्याचा थर बसत जातो. नळी अरुंद होते. बसलेल्या पायाला थोडं रक्त पुरतं. चालणाऱ्या पोटरीला जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही, मग पोटरी ओरडते. थांबलं की मागणी कमी होते, दुखणं थांबतं. म्हणजे ते वडील आळशी नव्हते. त्यांचा पाय उपाशी होता!

सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्या मुलाबरोबर त्याच्या घरी गेले. वडील खाटेवर बसले होते, उजवा पाय खाली सोडून. "रात्री असाच पाय लोंबता ठेवला की ठणका जरा कमी होतो, बाई," ते म्हणाले. खाली सोडलेल्या पायात रक्त थोडं सोपं उतरतं, म्हणून तसं होतं, हे मला नंतर कळलं. पायावर फडकं होतं. ते काढायला तयार नव्हते. शेवटी मुलानेच हळूच बाजूला केलं. करंगळी काळी पडली होती.

"ठेच लागली होती. दोन महिने झाले. वात असेल म्हणून तेल लावतो. गरम विटेनं शेकतो."

मी त्या पावलावर बोटं टेकवली. गार. नाडी लागेना. डाव्या पावलावर टेकवली. टुक, टुक, टुक... लागली! मुलाने विचारलं, "मी बघू?" त्यानेही दोन्ही पावलं पाहिली. मग तो बापाकडे बघत राहिला. काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दंडाला आणि घोट्याला दोन्हीकडे पट्टा बांधून रक्तदाब मोजला. निरोगी माणसाचा दोन्हीकडे जवळपास सारखा येतो. यांचा उजव्या घोट्याला निम्माही नव्हता. त्याच आठवड्यात त्यांना मोठ्या शहरातल्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. या डॉक्टरांना 'व्हॅस्क्युलर सर्जन' म्हणतात. त्यांचं काम म्हणजे नळ्या दुरुस्त करणं. पण या नळ्या ओल्या, मऊ आणि धडधडणाऱ्या असतात!

भरतकाम शिकलेला डॉक्टर

आता थोडं मागे जाऊ. कारण अशी नळी शिवता येते, हे एके काळी कुणाला खरं वाटलं नसतं. फुटलेली धमनी डॉक्टर दोऱ्याने बांधून टाकत. रक्त थांबे, पण पुढचा रस्ताही बंद होई.

1894 साली जून महिन्यात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो ल्यों शहरात आले होते. एकाने त्यांच्यावर सुऱ्याने वार केला. पोटातली एक मोठी शीर कापली गेली. नावाजलेले डॉक्टर भोवती होते, पण कापलेली शीर जोडायची कशी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. राष्ट्राध्यक्ष वारले.

त्याच शहरात अलेक्सी कारेल नावाचा विशीतला तरुण वैद्यकी शिकत होता. त्याच्या मनाला हे लागून राहिलं. कापड शिवता येतं, तर शीर का नाही? ल्यों हे रेशमाचं गाव. तिथे मादाम लेरूदिए नावाच्या भरतकामात निपुण बाई होत्या. हा डॉक्टर त्यांच्याकडे टाके शिकायला गेला! बारीक सुई, रेशमाचा दोरा आणि कापडावर उमटूही नये असा टाका.

तरी एक पंचाईत होतीच. नळीचं तोंड गोल, निसरडं आणि सारखं मिटणारं. कारेलने काय केलं? तोंडाच्या काठावर सारख्या अंतरावर तीन टाके घेतले आणि तिन्ही दोरे तीन दिशांना ताणले. गोलाचा झाला त्रिकोण! त्रिकोणाच्या बाजू सरळ, आणि सरळ रेघेवर टाका घालणं सोपं. भूमितीतला त्रिकोण असा कामी आला बघा. ही पद्धत त्याने 1902 साली प्रसिद्ध केली. पुढे तो अमेरिकेत गेला. 1908 साली न्यूयॉर्कमध्ये एका डॉक्टरची काही दिवसांची मुलगी रक्तस्रावाने मरणाच्या दारात होती. रक्त साठवून ठेवण्याची सोय त्या काळी नव्हती. कारेलने रात्री त्यांच्या घरी जाऊन बापाच्या मनगटाची धमनी बाळाच्या पायाच्या शिरेला शिवून जोडली. बापाचं रक्त थेट लेकीच्या अंगात गेलं. पांढरीफटक मुलगी गुलाबी झाली आणि वाचली. 1912 साली कारेलला नोबेल पारितोषिक मिळालं.

म्हणून, मुलांनो, कार्यानुभवाच्या तासाला सुई-दोरा हातात दिला की "हे मुलींचं काम" म्हणून नाक मुरडू नका!

शिवणयंत्रावरची धमनी

आणखी एक डॉक्टर ऐका. अमेरिकेतले मायकेल डीबेकी. लहानपणी ते आईकडून शिवण शिकले होते. 1950 नंतरच्या काळात त्यांना धमनीच्या जागी बसवायला कापडाची नळी हवी होती. ते दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपलं होतं. दुकानदाराने डेक्रॉन नावाचं नवं कापड दिलं. घरी येऊन त्यांनी बायकोच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. हे डेक्रॉन अंगात टिकतं, असं दिसून आलं! आजही हृदयातून निघणारी मोठी महाधमनी फुग्यासारखी फुगली की डेक्रॉनची नळी बसवतात.

गंमत पुढेच आहे. 2005 सालच्या शेवटच्या दिवशी, सत्त्याण्णव वर्षांच्या डीबेकींची स्वतःचीच महाधमनी आतून चिरली. 2006 साली त्यांच्याच मार्गाने शिकलेल्या डॉक्टरांनी डेक्रॉनची नळी बसवून ती दुरुस्त केली. ते वाचले आणि 2008 साली, शंभरी अवघी दोन महिन्यांवर असताना वारले.

शीर उलटी का लावली?

आता आपल्या त्या वडिलांकडे येऊ. त्यांच्या मांडीतली धमनी बऱ्याच लांबीवर बंद होती. गाळ काढता येण्यासारखा नव्हता. मग शेतकरी काय करतो? बाजूने नवा चर काढतो! डॉक्टरांनीही तेच केलं. बंद भागाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला एक दुसरी नळी जोडली. याला 'बायपास' म्हणतात. हृदयाच्या बायपासबद्दल तुम्ही ऐकलं असेल, हा पायाचा.

नळी आणली कुठून? त्यांच्याच पायातून. घोट्यापासून मांडीपर्यंत कातडीखालून एक लांब शीर जाते. ती काढली तरी पायाचं अडत नाही, आतल्या मोठ्या शिरा काम सांभाळून घेतात. 1948 साली पॅरिसमध्ये झाँ कुनलिन या डॉक्टरने मांडीतल्या बंद धमनीसाठी अशी शीर पहिल्यांदा वापरली.

मुलाला मी हे वर्गात समजावून सांगत होते. मध्येच तो म्हणाला, "पण बाई, शिरेत तर झडपा असतात ना? त्या वरच्या बाजूला उघडतात. मग रक्त खाली कसं जाईल?"

बघा! मोठ्या डॉक्टरांना पडलेला प्रश्न चौथीतल्या पोराला पडला. उत्तर सोपं आहे: शीर काढतात आणि उलटी करून लावतात. घोट्याकडचं टोक वर, मांडीकडचं टोक खाली. झडपा आता खालच्या बाजूला उघडतात. काम फत्ते! (झडपा न उलटवता आतून मोडून टाकण्याचीही एक रीत आहे.)

सगळ्यांनाच एवढी मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. अमेरिकेतल्या चार्ल्स डॉटर यांनी 1964 साली ब्याऐंशी वर्षांच्या एका आजींचा पाय वाचवला. आजी पाय कापायला नाही म्हणत होत्या. डॉटरनी धमनीतून बारीक नळ्या आत सरकवून अरुंद जागा रुंद केली. पुढे झुरिचच्या आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर खटपट करून छोटा फुगा बसवलेली नळी तयार केली. आज अनेकांच्या धमन्या अशा फुग्याने उघडतात आणि त्यात जाळीदार नळी, म्हणजे 'स्टेंट', बसवतात. कुणाला तर फक्त औषधं, रोजचं चालणं आणि तंबाखू सोडणं एवढं पुरतं.

त्या वडिलांचा पाय वाचला. करंगळी मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, "दोन महिने आधी आला असतात तर तीही राहिली असती."

हे वाक्य मला टोचतं. दोन महिने ते माझ्या डोळ्यांसमोर त्या पारावर बसत होते. मी त्यांच्या हातातली बिडी पाहिली, पाय पाहिला नाही.

तुम्ही काय कराल?

आपल्या घरी चार गोष्टी करून पाहा.

एक: स्वतःच्या पायाची नाडी शोधा. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत, मधोमध दोन बोटं हलकेच टेकवा. नाही सापडली तर घाबरू नका हं, काही निरोगी माणसांनाही ती तिथे लागत नाही. मग घोट्याच्या आतल्या हाडामागे शोधा.

दोन: घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज रात्री त्यांचे तळवे तुम्ही तपासा. मधुमेहात पावलाची संवेदना कमी होते, काटा रुतला तरी कळत नाही. तुमची नजर तीक्ष्ण आहे, हे तर तुम्ही सिद्ध केलंच आहे!

तीन: एक जुना मोजा घ्या. मधोमध कापा आणि कारेलच्या तीन टाक्यांच्या युक्तीने जोडून बघा. आतून पेन्सिल गेली पाहिजे, बरं का! टाका आतल्या बाजूला गोळा झाला तर तुमची धमनी तुंबली.

चार: घरात कुणी बिडी, सिगारेट ओढत असेल, तर भांडू नका, उपदेशही करू नका. हा अंक त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसा.

आणि मोठ्यांनो, चार शब्द तुमच्याशी. चालताना पोटरी दुखून थांबावं लागणं म्हणजे वय नव्हे, वातही नव्हे. पायाची जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर दोन दिवसही थांबू नका. गार पडलेल्या पायाला वीट किंवा गरम पाण्याची पिशवी लावू नका, रक्त कमी असलेली कातडी चटकन भाजते. एक पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. पाय अचानक पांढरा, गार पडला आणि असह्य दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. तिथे हिशेब तासांचा असतो. आणि पोराला बिडी आणायला टपरीवर पाठवू नका. 2003 सालच्या कायद्याने अठराच्या आतल्या मुलांना तंबाखू विकणं आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करणं, दोन्ही गुन्हा आहे.

परवाची गोष्ट. सहामाही परीक्षेचा पहिला दिवस. फाटकाशी उभी होते. ते वडील मुलाला घेऊन येताना दिसले. हळूहळू, पण न थांबता. पार मागे पडला. दगड मागे पडला. मुलगा धावत पुढे आला आणि म्हणाला, "बाई, आज एकदाच थांबलो. तेही माझी चप्पल तुटली म्हणून!"

वडिलांनी खिशावर हात ठेवला. सवयीने गेला असावा. खिसा रिकामा होता. ते ओशाळं हसले.

मुलगा माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "आणि बाई, तुमच्या नद्या?"

आता काय सांगणार? सांगून टाकलं. दिवाळीच्या सुट्टीत लेसरने शीर आतून बंद करून घेणार आहे. फक्त तेवढी जागा बधिर करतात आणि त्याच दिवशी माणूस चालत घरी येतो. पाच वर्षं टाळलं ते एका चौथीतल्या मुलासमोर कबूल करावं लागलं.

सुट्टीनंतर नकाशा पुन्हा लावायचा आहे. या खेपेला नद्या भिंतीवरच असतील!

तुमच्या,
बाई